कुजवणाऱ्यांचा जाहीरनामा

आम्ही कुजण्याच्या बाजूने आहोत.

हे वाक्य आम्ही विचार करून पहिलं ठेवलं आहे. मराठीत कुजण्याला मान नाही. वाईट बोलणं कुजकट असतं, विसरला गेलेला माणूस कोठडीत कुजत पडतो. एक शेतकरीच असा, की तो खताच्या खड्ड्यात हात घालतो, मूठभर काळंभोर, भुसभुशीत खत वर काढतो आणि समाधानाने म्हणतो, ‘चांगलं कुजलंय.’ आमची चळवळ त्या दोन शब्दांवर उभी आहे. कुजणं म्हणजे नासणं नव्हे. झाडाने वर्षभर खपून जे विणलं, ते पुन्हा धागा धागा मोकळं करणं म्हणजे कुजणं. आणि हे काम करणारा सगळ्यात जुना, सगळ्यात कुशल कामगार म्हणजे बुरशी.

जानेवारी-फेब्रुवारीत तिन्हीसांजेला यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या कोणत्याही रस्त्याने जा. कापसाची उलंगवाडी झालेली असते. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या असतात आणि त्यांना काडी लावलेली असते. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोड होऊन गेली की पाचट पेटतं. आम्ही शेतकऱ्याला दोष द्यायला निघालेलो नाही. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी हेच होत आलं आहे आणि काडी आम्हीही लावली आहे. पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी दडून बसते, ती शेतात ठेवली तर पुढच्या हंगामाला अळी तयारच. पाचट आवरायला मजूर मिळत नाही, खोडव्याला पाणी द्यायची पाळी आलेली असते. जाळणं स्वस्त पडतं, म्हणून माणूस जाळतो. पण हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाट्या धुराला मिळतात तेव्हा नेमकं काय जातं, हे एकदा मोठ्याने सांगायला हवं. साखर जाते.

वाळलेल्या काडीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग सेल्युलोजचा असतो, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कणांची माळ. ज्वारीच्या पिठातला स्टार्चही ग्लुकोजचाच. फरक फक्त मणी कसे ओवले आहेत याचा. पिठातली ओवण आपलं पोट सोडवतं, काडीतली सोडवू शकत नाही. गाय-बैलालाही ती स्वतःच्या बळावर सुटत नाही, त्यांच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव ती सोडवून देतात. त्या जीवांत बुरशीही असते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन ऑर्पिन यांनी 1975 मध्ये दाखवलं. तोवर हवेशिवाय बुरशी जगत नाही असं शास्त्र ठामपणे मानत होतं. म्हणजे गोठ्यात रवंथ करणाऱ्या प्रत्येक जनावराच्या पोटात, कुणाला पत्ता नसताना, काडीची साखर करणारा कारखाना चालू होता.

आता एका तंबूची गोष्ट, कारण आमच्या कार्यक्रमाचं मूळ तिच्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांच्या दमट हवेत अमेरिकन सैन्याचे तंबू, पट्टे, कपडे विरून जाऊ लागले. सुती कापड म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि काहीतरी ते खात होतं. सैन्याच्या प्रयोगशाळेत विरलेल्या कापडाचे तुकडे आले आणि त्यांतून बुरशीचे वाण वेगळे करून जपले गेले. त्यांतल्या एका हिरवट वाणावर एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स यांनी वर्षानुवर्षं काम केलं. सुरुवातीचा प्रश्न होता, हिच्यापासून कापड कसं वाचवायचं. सत्तरच्या दशकात तेल महागलं तेव्हा तोच प्रश्न उलटा झाला, हिच्याकडून रद्दी कागदाची साखर कशी करून घ्यायची. रीझ यांच्या नावावरून 1977 मध्ये तिला ट्रायकोडर्मा रीझी हे नाव मिळालं. आज जगात काडीपासून इथेनॉल करू पाहणारा जवळजवळ प्रत्येक कारखाना त्या एका तंबूतल्या बुरशीच्या वंशजांवर किंवा तिच्याकडून शिकलेल्या विद्येवर चालतो.

ट्रायकोडर्मा हे नाव महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला नवं नाही. हरभऱ्याची, तुरीची मर रोखायला बियाण्याला चोळतात ती हिरवट पूड याच घराण्यातली. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर ती पाकिटात मिळते. या घराण्यातली एक बहीण आपल्या बियाण्याला राखते आणि दुसरी बहीण जगाला इंधन देऊ शकते, एवढं नातं आपल्याकडे सांगितलं गेलं नाही, इतकंच.

तंतूंची बुरशी जेवते कशी, हे समजलं की बाकीचं सोपं होतं. आपण घास आधी आत घेतो आणि मग पचवतो. बुरशी आधी बाहेर पचवते आणि मग आत घेते. तिचा तंतू टोकाला वाढत जातो आणि टोकातूनच विकरं, बाजारात ज्यांना एन्झाइम म्हणतात ती, बाहेर सोडत जातो. सेल्युलोजच्या दोरखंडावर ही विकरं टोळीने काम करतात. एक दोर मध्येच कुठेतरी कापतं आणि नवी टोकं उघडी करतं. दुसरं त्या टोकाला धरून दोर उसवत जातं आणि दोन-दोन मणी सुटे करतं. तिसरं त्या जोड्या फोडून सुटं ग्लुकोज करतं. चौथ्या प्रकारचं विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने दोराचा घट्ट पीळ खिळखिळा करतं. हे चौथं काम नेमकं कसं चालतं हे 2010 नंतरच नीट उलगडलं, आणि तेव्हापासून मिश्रणं पुष्कळ सुधारली. सुटलेलं ग्लुकोज मग साध्या यीस्टला दिलं की मळीपासून होतं तसंच इथेनॉल. काडी चुलीत घातली तर तिची उष्णता मिळते, पण तीच बुरशीला दिली तर साखर मिळते, आणि साखर मिळाली की काय बनवायचं याचा निर्णय आपल्या हातात येतो.

या स्रवण्याची ताकद लहान नाही. ट्रायकोडर्मा रीझीचे कारखान्यातले वाण लिटरमागे 100 ग्रॅमहून जास्त प्रथिनं टाकीतल्या पाण्यात सोडतात. दुसरा कुठला जीव माणसासाठी एवढं प्रथिन असं सहज बाहेर काढून देतो, ते आम्हाला दाखवा.

आणि इंधन ही तर या घराण्याची एकच बाजू झाली. सरबतात, जॅममध्ये, औषधी गोळीत असणारं सायट्रिक ॲसिड एकेकाळी इटलीच्या लिंबांतून यायचं. जेम्स करी यांनी 1917 मध्ये दाखवलं की ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेच्या पाण्यावर तेच आम्ल विपुल बनवते. आज जगात वर्षाला 20 लाख टनांहून जास्त सायट्रिक ॲसिड बनतं आणि त्यातलं बहुतेक तिच्याच श्रमाचं. शाकाहारी चीज जमवणारं रेनेट बहुतेकदा बुरशीचं असतं. इचलकरंजीसारख्या गावांत सुती कापडाची लव काढून त्याला तकाकी आणणारं एन्झाइम बुरशीचं, जीन्सचा निळा रंग दगडाशिवाय विटवणारंही तिचंच. कोंबडीच्या खाद्यातला स्फुरद तिला पचावा म्हणून जे फायटेज मिसळतात, त्याचा कारखानदारीतला पहिला मोठा स्रोत पुन्हा ॲस्परजिलसच. कोलेस्टेरॉल कमी करणारी पहिली स्टॅटिन औषधं बुरशीतून आली. बदललेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून देतात ते सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून आलं.

महाराष्ट्राने तर हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. स्वातंत्र्यानंतर सात वर्षांनी, 1954 मध्ये, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, आणि 1955 पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. गरीब, नुकताच स्वतंत्र झालेला देश तंतूंच्या बुरशीला टाक्यांमध्ये वाढवून औषध काढत होता. ते स्वप्न लहान नव्हतं. बुरशी राबवायची विद्या परक्यांकडून विकत न घेता इथे कमवायची, हे तेव्हाच्या लोकांना कळलं होतं. आम्ही त्याच वाटेवरचे आहोत, फक्त आमचा कच्चा माल धुऱ्यावर पडलेला आहे.

मग हे आजवर का झालं नाही? या प्रश्नाला बगल देणारा जाहीरनामा आम्हाला लिहायचा नाही.

झालं, आणि पुष्कळ ठिकाणी फसलं. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या नेवाडा गावी ड्यूपॉंने 2015 मध्ये मक्याच्या ताटांपासून इथेनॉलचा प्रचंड कारखाना उघडला, आणि दोनच वर्षांत त्यातून अंग काढून घेतलं. इटलीतला क्रेसेंतिनोचा कारखाना 2013 मध्ये सुरू झाला, 2017 मध्ये थांबला. रोमानियात पोदारीला 2022 मध्ये उत्पादन सुरू झालं आणि 2023 सरायच्या आत कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. या फसण्यात बुरशीचा वाटा सगळ्यात थोडा होता, असं आमचं मत आहे. गठ्ठ्यांबरोबर माती आणि खडे आले, यंत्रं झिजली. ओली काडी नळ्यांत अडकली. वर्षाचा माल दोन महिन्यांत गोळा करून उरलेले दहा महिने सांभाळायचा, तो भिजतो, पेटतो, उंदीर खातात. कच्चं तेल मध्येच स्वस्त झालं. आणि एन्झाइम दुसऱ्या कंपनीकडून विकत घ्यायचं, तिच्या भावाने.

आपल्या देशातही पावलं पडली आहेत आणि त्यांत मराठी डोकी आहेत. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेल्या तंत्रावर 2016 मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला दिवसाला 10 टन काडी पचवणारा प्रात्यक्षिक कारखाना उभा राहिला. ऑगस्ट 2022 मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्याचा कारखाना सुरू झाला, तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं. वर्षाला दोन लाख टन पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल द्यायचं, हे त्याचं लक्ष्य. म्हणजे टनामागे 150 लिटर. हे काम आम्ही आदराने पाहतो. पण सुमारे नऊशे कोटींचा असा एक कारखाना आणि त्याच्याभोवती शेकडो गावांचा पेंढा, ही रचना आमच्या पऱ्हाटीला लागू पडेल असं आम्हाला वाटत नाही. पऱ्हाटी विखुरलेली आहे, हलकी आहे, काटक आहे. तिला 80 किलोमीटर वाहून नेण्यात तिची किंमत संपते.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. काडी कारखान्याकडे नेऊ नका. बुरशी काडीकडे आणा.

एन्झाइम बनवायला अवाढव्य पोलादी टाक्याच लागतात असं नाही. जपानमध्ये तांदळावर, सोयाबीन-गव्हाच्या मिश्रणावर कोजी बुरशी वाढवून साके आणि सोया सॉस करण्याची परंपरा शतकानुशतकांची आहे. जोकिची ताकामिने यांनी 1894 मध्ये गव्हाच्या कोंड्यावर वाढवलेल्या बुरशीतल्या एन्झाइमचं अमेरिकेत पेटंट घेतलं, तेव्हा त्यांनी वापरली ती कोजीचीच पद्धत. ओला कोंडा, परातीत पसरलेला, उबदार खोली, दोन-तीन दिवस. याला घन-माध्यमावरचं किण्वन म्हणतात. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने यावर मोलाचं काम करून ठेवलं आहे. यात पाणी थोडं लागतं आणि सांडपाणी थोडं निघतं, जे मराठवाड्यात काम करायचं असेल तर गौण नाही. अडचणीही आहेत. वाढताना परात आतून तापते आणि बुरशी स्वतःच्या उष्णतेने मरते. बाहेरची नको ती बुरशी शिरते. बीजाणू उडतात आणि काम करणाऱ्याच्या छातीत बसतात. म्हणून स्वच्छता, हवा आणि तोंडावर पट्टी, या तीन गोष्टींशिवाय आमच्या कोणत्याही शेडमध्ये परात मांडली जाणार नाही.

आमच्या पायऱ्यांचा क्रम ठरलेला आहे आणि त्यात इंधन शेवटी आहे. हे ऐकून काही मित्र नाराज झाले, पण आम्ही त्यावरून हटणार नाही. पहिला हक्क मातीचा. पाचटाचं शेतातच आच्छादन होत असेल तर ते तिथेच कुजू द्या, कुजवणारं संवर्धक आणि थोडा युरिया घातला की ते खोडव्याच्या सरीत बसतं आणि पाणी वाचवतं. ते उचलून नेणं ही चोरी आहे, मग ती हरित इंधनासाठी का असेना. दुसरा हक्क जनावराचा. कडबा, सोयाबीनचं कुटार, गव्हाचा भुसा गोठ्याला पुरून उरला तरच आमचा. तिसरा हक्क चुलीचा, तुराट्यांवर ज्या घरी भाकरी भाजते तिथे आम्ही तुराटी मागणार नाही. उसाचं चिपाडही वाया जाणारा माल नव्हे, कारखान्याची वाफ आणि वीज त्यावर चालते. हे सगळं वजा केल्यावर जे पेटवलं जातं, तेवढंच आमचं. आणि तेवढंही पुष्कळ आहे.

पऱ्हाटी वेळेत उपटून बारीक करणं हा बोंडअळीविरुद्धच्या लढाईचाही भाग आहे, म्हणून आम्ही तिच्यापासून सुरुवात करतो. पहिली पायरी धिंगरी. धिंगरी अळंबी हीसुद्धा तंतूंचीच बुरशी आणि काडीतलं चिवट लिग्निन खाण्यात वाकबगार. बचत गटांच्या बायका ती आजही कुटारावर पिकवतात. पऱ्हाटीच्या भरड्यावर तिचं एक पीक घेतलं की अन्न मिळतं आणि उरलेली काडी मऊ होते, पुढच्या बुरशीला सोपी जाते. दुसरी पायरी फळ्या आणि साचे. काडीच्या भुशात बुरशीचे तंतू वाढू दिले की ते भुसा घट्ट बांधतात. वाळवला की थर्माकोलसारखा हलका ठोकळा तयार होतो. न्यूयॉर्क राज्यातली इकोव्हेटिव्ह कंपनी 2007 पासून हेच करते आहे. 2018 मध्ये आपल्या राज्याने थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हा गणपतीच्या मखराचं काय, हा प्रश्न घरोघरी पडला होता. पऱ्हाटीचं मखर विसर्जनानंतर तुळशीच्या कुंडीत जाऊ शकतं. तिसरी पायरी एन्झाइम, आधी कापडासाठी आणि पशुखाद्यासाठी, कारण तिथे गिऱ्हाईक आज आहे. या तिन्ही पायऱ्यांवर हात बसला, एन्झाइम आपल्या शेडमध्ये आपल्या खर्चात निघू लागलं, की मग चौथी पायरी इंधनाची. जे सगळ्यात स्वस्त विकायचं ते सगळ्यात शेवटी बनवायचं. फसलेल्या कारखान्यांनी जिना वरून उतरायचा प्रयत्न केला, असं आम्हाला वाटतं.

ही शेड कुणाची असेल? सभासदांची. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना चालवून दाखवला, त्याला 1950 साल उजाडलं होतं, आणि तेव्हाही शेतकऱ्याला यंत्र कळणार नाही असं सांगणारे होतेच. सहकाराचं पुढे काय काय झालं ते आम्ही पाहिलं आहे, त्याच्या जखमा आमच्या घरांत आहेत. तरीही मालकीचा प्रश्न सोडून दिला तर दहा वर्षांनी शेतकरी काडी विकणारा मजूर राहील आणि बुरशी कुणाच्या तरी तिजोरीत. म्हणून प्रत्येक शेडचा हिशोब दर महिन्याला भिंतीवर लागेल. आणि आमच्या सभासदांनी शोधलेला कुठलाही वाण कुणा एकाचा होणार नाही. एकट्या पुण्यात सूक्ष्मजीव जपणारे तीन राष्ट्रीय संग्रह आहेत, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल), आघारकर संस्थेत आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात. वाण तिथे जमा होतील, कुणाच्या घरच्या फ्रीजमध्ये नाहीत.

बुरशीची भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. 2021 मध्ये ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या म्युकरमायकोसिसने किती घरांतल्या माणसांचे डोळे आणि जबडे नेले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. भुईमुगावरच्या ॲस्परजिलस फ्लेव्हसचं अफ्लाटॉक्सिन यकृताला जाळतं. त्या घराण्यात विषारीही आहेत आणि अन्नदातेही, जसे झाडांत धोतराही असतो आणि आंबाही. आमचा नियम एकच आणि त्याला अपवाद नाही. संग्रहातून ओळख पटलेला, बिनविषारी ठरलेला वाणच परातीत जाईल, आणि प्रत्येक घाणा तपासून घेतल्याशिवाय माणसाच्या किंवा जनावराच्या तोंडी जाणार नाही. शेतकऱ्याला जैविक नावाखाली पाकिटात माती विकली गेली आहे, आमच्यातल्या काहींनी ती विकत घेतली आहे. आमच्या नावाने तसं एक जरी पाकीट विकलं गेलं तर तो सभासद त्या दिवसापासून सभासद नाही.

कोण येऊ शकतं? सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेऊन औषधाच्या दुकानात बसलेली पोरं आम्हाला हवी आहेत. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले केमिस्ट हवे आहेत, त्यांच्या नाकाला किण्वन कळतं. धिंगरी पिकवणाऱ्या बाया हव्या आहेत, कारण पिशवीत हिरवा डाग दिसला की पहिली त्यांना शंका येते. बोंडअळीने पोळलेले शेतकरी हवे आहेत. फीचं बघता येईल. प्रत्येक सभासदाकडून आम्ही यंदा एवढंच मागतो, एका एकरातली पऱ्हाटी पेटवायची नाही, तिचं वजन करून वहीत लिहायचं.

आणि अजून एक काम, ते पावसाळ्यातच करता येतं. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्याच्या रात्री कुजकं लाकूड अंधारात उजळतं, ती बुरशीच असते. आपल्या धुऱ्यावर, देवराईत, पडक्या गोठ्याच्या वाशावर काय वाढतं हे आपल्याला अजून ठाऊक नाही. जगाला सगळ्यात उपयोगी पडलेला वाण एका सडक्या तंबूतून मिळाला, कारण तो तुकडा फेकून न देता कुणीतरी जपला. तेव्हा आषाढ-श्रावणात कापसाच्या जुन्या खोडावर, भिजलेल्या तुराटीवर, विरलेल्या गोणपाटावर बुरशी दिसली तर हात न लावता चिमट्याने बोटभर तुकडा उचला. देवराईत गावाला विचारल्याशिवाय काही तोडू नका. तुकडा कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको, त्यात तो घामेजून नासतो. पिशवीवर गाव, तारीख, कशावर वाढली होती आणि पाऊस पडून किती दिवस झाले होते ते पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. पहिल्या बैठकीला येताना ती पिशवी घेऊन या.